नवा पिकअप टाकला आणि प्लेअर आणखी बिघडला: ०.४५ मिलिमीटरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सीडी प्लेअरचं आहे, १९९० च्या दशकातल्या. सरळ रेषेत सरकणारा पिकअप (लेझर आणि लेन्स असलेला, डिस्क वाचणारा भाग), म्हणजे एका बाजूला स्टीलची दांडी, दुसऱ्या बाजूला टेकायला पट्टी, आणि एक छोटी मोटर प्लास्टिकच्या गिअरमधून पिकअपला आतून बाहेर ढकलते. मालक आणि आधी काम केलेले दोघे कोण ते इथे सांगत नाही, प्लेअरचा मेकही सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही कारण हीच रचना त्या काळात असंख्य मशीनमध्ये होती.

माझ्याकडे आला तेव्हा प्लेअर उघडाच होता, आणि सोबत एका डबीत जुना पिकअप. मालकांनी सांगितलेली हकीकत अशी की आधी शेवटची गाणी अडकायची, पहिली पाच-सहा नीट वाजायची. लेझर वीक झाला असं निदान झालं, नवा पिकअप टाकला, आणि त्यानंतर प्लेअर डिस्क ओळखतच नाही, डिस्प्लेवर सरळ ‘नो डिस्क’. मग ज्यांनी टाकला ते म्हणाले पिकअप डुप्लिकेट निघाला, दुसरा मागवू. मालक म्हणाले, आता तिसरा टाकायच्या आधी कुणीतरी नीट बघा.

अडचण कुठे होती

‘नवा पिकअप खराब’ हे निदान पटण्यासारखंच होतं. जुन्या मॉडेलचे पिकअप आता मूळ कंपनीचे मिळत नाहीत, जे मिळतात त्यात क्वालिटीचा भरवसा नसतो, ज्यांनी चार-पाच बदललेत त्यांना हा अनुभव आलेला असतो. त्यामुळे नवा पार्ट चालला नाही की पार्टवर खापर फुटतं. पण मला एक गोष्ट खटकत होती. जुना पिकअप निदान टीओसी वाचत होता, म्हणजे डिस्कच्या सगळ्यात आतली अनुक्रमणिका, आणि सुरुवातीची गाणीही. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटची गाणी कडेला असतात. नवा पिकअप नेमका तिथेच, आतल्या टोकाला, काहीच करत नव्हता. एकाचं बाहेर बिघडलेलं, दुसऱ्याचं आत. मशीन मात्र तेच.

पुढचं समजायला थोडं मूळ गणित लागेल. सोनी आणि फिलिप्सने १९८० मध्ये सीडीचं जे स्टँडर्ड ठरवलं त्यात दोन ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉन आहे. लेझर ७८० नॅनोमीटरचा, लेन्सचं न्यूमरिकल अपर्चर (प्रकाश किती रुंद कोनातून गोळा होतो त्याचं माप) ०.४५, आणि फोकसची सूट जेमतेम अधिक-उणे २ मायक्रॉन. डिस्क मात्र स्वतः वरखाली साधारण अर्धा मिलिमीटर हलू शकते आणि तिचं मधलं भोक ७० मायक्रॉनपर्यंत सेंटरबाहेर असू शकतं. एवढ्या डुगडुगत्या गोष्टीवर मायक्रॉनमध्ये टिकून राहायचं म्हणून लेन्स बारीक तारांवर टांगलेली असते आणि सर्व्हो (चूक बघून लगेच सुधारणारं सर्किट) तिला सारखा हलवत असतो. लोकांना वाटतं की सर्व्हो आहे म्हणजे मेकॅनिकल चूक चालून जाते. बऱ्याच चुका चालतात, खरंच चालतात. पण काही चुका सर्व्होला दिसणाऱ्या सिग्नललाच मारतात, आणि तिथे सर्व्हो आंधळा होतो. इथे तेच झालं होतं.

आधी काय काय तपासलं

पहिल्या संध्याकाळी मी नेहमीचं सगळं केलं. लेन्स पुसली, दांडीवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवीन लावलं, गिअरला तडा नाही ना ते बघितलं. मग पिकअपच्या पाठीवरचा सोल्डरचा ठिपका. नवा पिकअप येतो तेव्हा लेझर डायोड स्टॅटिकने मरू नये म्हणून दोन पॅड सोल्डरने जोडून दिलेले असतात, फ्लेक्स केबल बसवल्यावर तो ठिपका काढायचा असतो, आणि विसरला तर लेझर लागतच नाही. इथे तो व्यवस्थित काढलेला होता.

दुसऱ्या दिवशी लेझरचा करंट. या जातीच्या पिकअपवर छोट्या स्टिकरवर आकडा असतो, ४९८ असेल तर ४९.८ मिलिअँप. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या २२ ओहमच्या रेझिस्टरवर व्होल्टेज मोजलं, १.१० व्होल्ट आलं, म्हणजे ५० मिलिअँप. अगदी बरोबर. लेन्स वरखाली होत होती, फोकस पकडत होता. टेस्ट मोडमध्ये ट्रॅकिंग, म्हणजे ठिपका ट्रॅकवर धरून ठेवणं, बंद ठेवून ऑसिलोस्कोपवर आरएफ सिग्नल (परत आलेल्या प्रकाशाचा, ज्यातून डेटा काढतात तो) बघितला तर उंची १.१ व्होल्टच्या आसपास, मॅन्युअलमध्ये १.२ दिलेलं आहे. ट्रॅकिंग बंद म्हणून आकृती धूसर, पण प्रकाश जातोय, परत येतोय, फोटोडायोड बघतायत. हे करताना लेन्समध्ये सरळ डोळा घालू नका, ७८० चा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसतच नाही, अंधुक लाल ठिपका दिसतो आणि माणूस फसतो.

इथे पहिला निर्णय होता. लेझर ठीक, फोकस ठीक, तर पिकअपला डुप्लिकेट म्हणायला आधारच उरला नाही. राहिलं ट्रॅकिंग.

स्कोपवर काय दिसलं

हा पिकअप तीन किरणांचा आहे. लेझरच्या पुढे एक ग्रेटिंग (बारीक रेघांची काच) असतं, ते एका किरणाचे तीन करतं. मधला डेटा वाचतो. बाजूचे दोन ट्रॅकच्या दिशेने एक पुढे एक मागे पडतात, पण अगदी ट्रॅकवर नाही, एक पाव ट्रॅक डावीकडे, एक पाव ट्रॅक उजवीकडे, म्हणजे प्रत्येकी ०.४ मायक्रॉन. त्यांचे डायोड ई आणि एफ. मुख्य ठिपका सरकला की एकाचा प्रकाश वाढतो, दुसऱ्याचा कमी होतो, आणि ई वजा एफ हाच ट्रॅकिंगचा एरर सिग्नल.

तो एरर सिग्नल जवळपास सपाट होता. मग ई आणि एफ वेगवेगळे बघितले, तर दोन्ही धडधाकट, उंची सारखी. इथे मी बराच वेळ अडकलो. दोन चांगले सिग्नल, आणि वजाबाकी शून्य. मग स्कोप एक्स-वाय मोडमध्ये टाकला, एका अक्षावर ई, दुसऱ्यावर एफ. नीट जुळलेल्या पिकअपला तिथे एक तिरकी रेघ दिसते, डावीकडून उजवीकडे उतरणारी, कारण एक वाढला की दुसरा उतरतो. मला दिसली ती रेघ चढणारी होती, बारीक आणि स्वच्छ, पण उलट्या बाजूला कललेली. म्हणजे दोघे एकाच वेळी वाढत होते आणि एकाच वेळी कमी होत होते.

आता याचा सरळ अर्थ ग्रेटिंग फिरलंय असा होतो. आणि इथेच मी पण ‘पिकअप परत पाठवा’ म्हणून मोकळा झालो असतो. पण हात लागलाच होता म्हणून गिअर बोटाने फिरवत पिकअप हळूहळू बाहेरच्या कडेकडे नेला. रेघ उघडत गेली. आधी बारीक अंडाकृती, मग जवळपास गोल, आणि डिस्कच्या कडेपाशी पुन्हा जाड अंडाकृती, पण आता बरोबर बाजूला कललेली.

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. ग्रेटिंग पिकअपच्या आत आहे, ते फिरलं असेल तर आत आणि बाहेर सारखंच चुकायला हवं. चूक त्रिज्येप्रमाणे बदलते याचा अर्थ पिकअप बरोबर आहे, पण तो ज्या रेषेत सरकतोय ती रेषा डिस्कच्या सेंटरमधून जात नाहीये.

आकडे जुळले तेव्हा

सेंटर म्हणजे टर्नटेबल, डिस्क बसते ती चकती, आणि टर्नटेबल म्हणजे मोटर. खालून बघितलं तर मोटरच्या स्क्रूंच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरचे ताजे ओरखडे. लगेच मालकांना फोन केला.

‘काका, याची मोटर कधी बदललीये का?’

‘हो, अगदी सुरुवातीला. डिस्क फिरायलाच वेळ लावायची. पण ती आता मस्त फिरते, म्हणून सांगितलं नाही.’

मग टर्नटेबलचा हब, मोटरच्या शाफ्टवर दाबून बसवलेला भाग, काढला. मोटरच्या तोंडाशी शाफ्टभोवती गोल उंचवटा असतो, बॉस म्हणतात त्याला, तो चेसिसच्या भोकात बसतो आणि सेंटर तोच ठरवतो. स्क्रू फक्त धरून ठेवतात, त्यांच्या भोकांना भरपूर सैलपणा असतो. चेसिसचं भोक ७.० मिमी, या नव्या मोटरचा बॉस ६.१. एका बाजूला बॉस भोकाच्या कडेला चिकटलेला, समोरच्या बाजूला ०.९ चा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात आत जातो. त्या ०.९ मिलिमीटरच्या फटीत साडेपाचशेच्या वर ट्रॅक मावतात. म्हणजे शाफ्ट ०.४५ मिमी बाजूला, आणि दुर्दैवाने पिकअप सरकतो त्या रेषेला काटकोनात. रेषेच्याच दिशेने सरकला असता तर फार बिघडलं नसतं, पिकअप फक्त थोडा आधी-नंतर थांबला असता.

हिशोब बघा. बाजूचे ठिपके मुख्य ठिपक्यापासून साधारण २० मायक्रॉनवर धरले, आणि टीओसी २३ मिमी त्रिज्येवर. ०.४५ भागिले २३, म्हणजे १.१ अंशाचा तिरकेपणा, आणि २० मायक्रॉनवर त्याचा परिणाम ०.३९ मायक्रॉन. बाजूचा ठिपका हवा होता ०.४ वर, तो आला जवळपास शून्यावर किंवा ०.८ वर, दोन्हीकडे ई आणि एफ एकाच तालात. एरर सिग्नल शून्य. डिस्कच्या कडेला, ५८ मिमीवर, तोच तिरकेपणा ०.४४ अंश, परिणाम ०.१६ मायक्रॉन, आणि सिग्नल ८० टक्क्यांच्या वर शिल्लक. स्कोपवर जे दिसलं तेच.

आणि मग जुन्या पिकअपचीही गोष्ट उलगडली. त्याचं ग्रेटिंग बाहेरून फिरवता येतं, आणि त्याच्या खाचेवरचं सील फुटलेलं होतं. मोटर बदलल्यावर तेव्हाही टीओसी वाचलं गेलं नसणार. ज्यांनी बदलली त्यांनी ग्रेटिंग फिरवून आतल्या टोकाला जुळवलं, डिस्क लागली, प्लेअर घरी गेला. पण आत जुळवलेलं बाहेर चुकतं, कडेला सिग्नल ६० टक्क्यांवर येतो, थोडा ओरखडा असला की ट्रॅक सुटतो. हीच ती ‘शेवटची गाणी अडकतात’ तक्रार. लेझर वीक नव्हताच. प्रत्येकाने समोर दिसणारी गोष्ट प्रामाणिकपणे दुरुस्त केली, पण मूळ चूक मोटरच्या खाली तशीच राहिली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिसरा पिकअप मागवण्याचा, तो आता बादच होता.

दुसरा पर्याय पूर्ण मेकॅनिझम बदलणं. जुळणारं मिळालं असतं तरी ते पण वापरलेलंच, त्याची मोटर तेवढीच जुनी.

तिसरा पर्याय मोहात पाडणारा होता. जुना पिकअप परत टाकायचा आणि ग्रेटिंग आतल्या टोकाला नाही तर मधे, ३५ मिमीच्या आसपास जुळवायचं. मी हिशोब केला, आत ८६ टक्के आणि बाहेर ९२ टक्के सिग्नल मिळत होता. म्हणजे प्लेअर चाललाच असता, अर्ध्या तासात, एकही पार्ट न बनवता. मी तो का नाही घेतला? एक म्हणजे जुन्या पिकअपचा करंट ६४ मिलिअँप येत होता, स्टिकरवर ५१.२, म्हणजे २५ टक्के जास्त, आणि लेझरची पॉवर ठरवणाऱ्या प्रीसेट स्क्रूवर पण हात फिरवल्याच्या खुणा होत्या. असा लेझर किती दिवस टिकेल याची खात्री देता येत नाही. आणि दुसरं म्हणजे तो गेला की पुढचा कुठलाही नवा पिकअप, कितीही चांगला असला तरी, या चेसिसवर ‘नो डिस्क’च दाखवणार, आणि पुढच्या माणसाला हे सगळं पहिल्यापासून शोधावं लागणार. तरीही सांगतो, लेझर चांगला असता आणि घाई असती तर हा पर्याय चुकीचा म्हणता आला नसता.

चौथा पर्याय मोटर सेंटरला आणणं. तोच घेतला.

प्रत्यक्ष काम

पहिला प्रयत्न फसला. बॉसभोवती ०.१ मिमी जाडीच्या प्लास्टिक शीटची पट्टी चार वेढे गुंडाळली, ०.४ होतात, भोकात घट्ट बसली, मला आनंद झाला. टीओसी लागलं. पण आरएफची आकृती धूसर, नीट वाचताना स्कोपवर जे हिऱ्यासारखे चौकोन दिसतात त्यांच्या कडा फाटलेल्या. पुन्हा खोललं तर पट्टीची कड मोटरच्या तोंडाखाली चिमटली होती आणि मोटर एका बाजूने किंचित उचललेली. ०.१ मिमीची कड २० मिमीच्या बैठकीत म्हणजे जवळपास ०.३ अंश. डिस्क तेवढीच कलली, आणि डिस्क कलली की लेन्सला ती तिरक्या काचेसारखी वागते, ठिपक्याला शेपूट फुटतं, त्याला कोमा म्हणतात.

या कलण्याबद्दल थोडं बोलावंसं वाटतं, कारण मला स्वतःला डिस्कच्या डिझाइनमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. कोमा वाढतो तो अपर्चरच्या घनाने, डेटावरच्या पारदर्शक थराच्या जाडीने, आणि लेझरची तरंगलांबी कमी झाली की त्याचा त्रास आणखी वाढतो. सीडीचं अपर्चर ०.४५ आणि थर १.२ मिमी. डीव्हीडीला ०.६ अपर्चर आणि ६५० नॅनोमीटरचा लेझर हवा होता, तोच थर ठेवला असता तर कलण्याचा त्रास जवळपास तिप्पट झाला असता, म्हणून थर ०.६ मिमी केला आणि दोन पातळ डिस्क चिकटवल्या. ब्लू-रेचं अपर्चर ०.८५, लेझर ४०५, म्हणून थर फक्त ०.१ मिमी, आणि गणित करून बघितलं तर कलण्याची सूट पुन्हा सीडीच्या जवळ येते. प्लास्टिक कलणारच, मोटर तिरकी बसणारच, हे मान्य करून थराची जाडी ठरवलेली आहे.

असो. दुसऱ्या वेळी पितळेची रिंग करून घेतली, बाहेर ७.०, आत ६.१. ०.४५ जाडीची रिंग लेथवर सुटी करताना वाकते, म्हणून आधी आतलं भोक, मग ती एका मँड्रेलवर (आतून धरणाऱ्या दांडीवर) चढवून बाहेरचा कट. उंची बॉसपेक्षा ०.२ मिमी कमी, म्हणजे ती कधीच मोटरच्या तोंडाखाली येणार नाही. स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे.

मग हब. हबची उंची चेसिसच्या पातळीपासून मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि इथे तो आधी ०.३ मिमी खाली दाबलेला होता. डिस्क तेवढी लेन्सच्या जवळ, म्हणून लेन्स सतत आपल्या मधल्या जागेच्या खाली दाबून ठेवावी लागत होती आणि वाकलेल्या डिस्कसाठी खालची सूट कमी पडत होती. या वेळी फीलर खाली ठेवून दाबला, आणि दाबताना शाफ्टचं मागचं टोक खालून टेकवून. ते टेकवलं नाही तर सगळा जोर मोटरच्या मागच्या झाकणावर जातो आणि नवी मोटर आवाज करायला लागते.

निकाल

नवाच पिकअप, ज्याला डुप्लिकेट म्हटलं होतं. एक्स-वायवर आत उतरणारी रेघ, बाहेर उतरणारी रेघ, मधे बोटाने गिअर फिरवताना ती जागची हललीसुद्धा नाही. टीओसी लगेच लागलं. ७० मिनिटांच्या वरची एक डिस्क शेवटपर्यंत वाजवली, मग मालकांच्या ओरखडे पडलेल्या डिस्क, ज्या आधी शेवटी अडकायच्या. त्यांतली एक अजूनही एका जागी अडकते, पण ती दुसऱ्या प्लेअरवरही तिथेच अडकते, तो दोष डिस्कचा.

पिकअप ज्यांनी बसवला होता त्यांना मी स्वतः कळवलं की पार्ट चांगला होता आणि बसवलाही नीट होता. ते सांगणं मला गरजेचं वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

माझी चूक सरळ आहे, मी पहिल्या दिवशी ‘काय काय बदललंय आणि कुठल्या क्रमाने’ हे विचारलं नाही. ‘पिकअप बदलला’ एवढं ऐकून पिकअपच बघत बसलो, मोटरचा प्रश्न तिसऱ्या दिवशी विचारला. मालकांनी लपवलं नव्हतं, त्यांच्या दृष्टीने चालणारी गोष्ट सांगायची गरज नव्हती.

मोटर बदलणाऱ्याला दोन मिनिटांत हे टाळता आलं असतं, जुन्या मोटरचा बॉस आणि नव्या मोटरचा बॉस व्हर्नियरने मोजून. शाफ्टची जाडी, व्होल्टेज आणि स्क्रूची भोकं सगळेच बघतात, बॉस कुणी बघत नाही. निदान जुनी काढायच्या आधी तिच्या कडेभोवती टोकदार सुईने चेसिसवर खूण करता आली असती. आणि टीओसी लागलं नाही तेव्हा ग्रेटिंगला हात लावण्याआधी, आत्ताच आपण काय बदललं हे आठवायला हवं होतं, कारण कालपर्यंत जे ग्रेटिंग बरोबर होतं ते मोटर बदलल्याने आपोआप फिरत नाही.

दुसऱ्या कामात, पिकअप टाकल्यावर, तो डिस्कच्या कडेला नेऊन बघायला हवं होतं. स्कोप नसेल तर हे अवघड आहे हे मला मान्य आहे.

एक गोष्ट अजून बाकी आहे. जुन्या पिकअपचं ग्रेटिंग मी पुन्हा जुळवलेलं नाही, प्रीसेटही मूळ जागी नेलेला नाही, कारण पॉवर मीटर लावल्याशिवाय ६४ मिलिअँप हे लेझर म्हातारा झाल्याचं आहे की प्रीसेट वाढवल्याचं, हे सांगता येणार नाही. तो मालकांना डबीत परत दिला, वर चिठ्ठी लावून. प्लेअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही एक कागद चिकटवलाय: भोक ७.०, बॉस ६.१, मधे पितळेची रिंग आहे, मोटर काढताना ती खाली पडेल, फेकू नका.